तारापूर आणि रावतभाटा : दोन करारांचा इतिहास

परमुलखात नवे घर मांडणाऱ्या माणसाला शेजाराची मदत दोन प्रकारांनी मिळते. एक शेजारी रोज वेळेवर तयार जेवणाचा डबा पाठवितो. दुसरा चूल मांडून देतो, बाजार दाखवितो आणि पहिले काही दिवस जवळ बसून पदार्थ शिकवितो. उपकार दोघांचेही खरे. परंतु उद्या काही कारणाने बोलणे बंद झाले, तर दोन्ही घरांची अवस्था सारखी राहत नाही. आपल्या देशाच्या अणुवीज उद्योगाच्या इतिहासात मदतीचे हे दोन्ही प्रकार एकाच वर्षी आले आणि पुढे अकरा वर्षांनी दोहोंची परीक्षाही एकाच दिवशी सुरू झाली. तो इतिहास केवळ शास्त्रज्ञांनी वाचावा असा नाही. महाराष्ट्राबाहेर आयुष्य घालविणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी कित्येकांनी त्याच्या आसपासच संसार केले आहेत. म्हणून मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात त्याची थोडी विस्ताराने नोंद करणे आम्हांस उचित वाटते.

प्रारंभ

डॉ. होमी भाभा यांनी मार्च १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्थेची मागणी केली आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. स्वातंत्र्य मिळताच १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग आणि १९५४ मध्ये अणुशक्ती खाते स्थापन झाले. या खात्याचे मुख्य कार्यालय दिल्लीत न ठेवता मुंबईत ठेवण्यात आले, ही गोष्ट त्या काळच्या शासकीय प्रथेला सोडून होती.

तो काळ अणुशक्तीविषयीच्या विलक्षण आशेचा होता. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी डिसेंबर १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात शांततेसाठी अणुशक्तीची कल्पना मांडली. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद भाभांकडे आले. एक वर्षाने, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. तिची बांधणी भारतीयांची होती, इंधन ब्रिटनचे होते. तिच्या मागोमाग १९६० मध्ये ‘सायरस’ आली. ती कॅनडाने कोलंबो योजनेखाली दिली. तिच्यातील जड पाणी अमेरिकेचे होते आणि इंधनाचा काही भाग ट्रॉम्बेतच तयार झाला होता. परकी वस्तू घ्यावयाची, पण तिच्यातला एखादा तरी भाग स्वतः करून पाहावयाचा, हा भाभांचा रिवाज येथपासूनच दिसतो. १९५७ साली सुरू झालेल्या ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेतून दरवर्षी तरुण अभियंते व शास्त्रज्ञ बाहेर पडू लागले आणि हा रिवाज पुढे नेणारी माणसे तयार झाली.

एकाच वर्षातील दोन करार

वीजनिर्मितीचा प्रश्न आला तेव्हा दोन वाटा समोर होत्या. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमपैकी, सहज विखंडन होणारा युरेनियम-२३५ हा प्रकार शेकडा एकाहूनही कमी, सुमारे ०.७ टक्के असतो. हे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत वाढविले, म्हणजे युरेनियम ‘समृद्ध’ केले, की साध्या पाण्यावर चालणारी अणुभट्टी उभारता येते. ही एक वाट. युरेनियम आहे तसेच वापरावयाचे असेल, तर न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी जड पाणी लागते. ही दुसरी. पहिल्या वाटेला युरेनियम समृद्ध करण्याची अवघड विद्या लागते आणि ती तेव्हा मोजक्याच राष्ट्रांच्या हाती होती. दुसऱ्या वाटेला जड पाण्याचे कारखाने लागतात; ते कष्टाचे काम असले तरी आवाक्यातले होते. शिवाय तेव्हाच्या बिहारमधील, आताच्या झारखंडमधील जादूगोडा येथे स्वतःचे युरेनियम होते. ते जाळून प्लुटोनियम मिळवावयाचे, प्लुटोनियमवर द्रुतप्रजनक अणुभट्ट्या चालवावयाच्या आणि शेवटी केरळच्या वाळूतील थोरियमकडे जावयाचे, अशी भाभांची तीन टप्प्यांची योजना होती. त्या योजनेला दुसरी वाटच सोयीची होती.

असे असता भारताने दोन्ही वाटा धरल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला. त्यान्वये तारापूर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील समुद्रकिनारी, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या उभारून द्यावयाच्या होत्या. अमेरिकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. समृद्ध युरेनियम तीस वर्षे अमेरिकेनेच पुरवावयाचे ठरले. काम झपाट्याने झाले आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरची वीज महाराष्ट्राला व गुजरातला मिळू लागली. प्रत्येक संचाची क्षमता प्रारंभी सुमारे २१० मेगावॅट धरली होती. बाष्पजनकांतील गळतीमुळे ती पुढे १६० वर आणावी लागली. अणुशक्तीने वीज निघते आणि ती इतर विजेच्या बरोबरीने विकता येते, हे भारताला तारापूरने दाखवून दिले. मात्र या केंद्राचा आराखडा आणि मुख्य यंत्रे परकी होती आणि इंधनाचा कच्चा मालही परकाच होता.

दुसरा करार त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कॅनडाशी झाला. राजस्थानात कोट्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, चंबळेवरील राणाप्रताप सागर जलाशयाच्या काठी, रावतभाटा येथे नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर चालणारा सुमारे २०० मेगावॅटचा संच उभारावयाचा होता. नमुना होता कॅनडातील डग्लस पॉइंट केंद्राचा. आणि तो नमुना तेव्हा स्वतःच बांधून पुरा झालेला नव्हता. म्हणजे शिकविणारा आणि शिकणारा दोघेही एकाच वेळी शिकत होते. करारात आराखडे मिळण्याची तरतूद होती, भारतीय अभियंत्यांना कॅनडात प्रशिक्षण होते आणि पुढील संचांसाठी यंत्रसामग्री भारतात करण्याची मुभा होती. १९६६ मध्ये दुसऱ्या संचाचाही करार झाला. पहिला संच ऑगस्ट १९७२ मध्ये क्रियाशील झाला आणि डिसेंबर १९७३ पासून रीतसर वीज देऊ लागला. तारापूरपेक्षा हे काम रेंगाळले, महाग पडले आणि पहिल्या संचाने पुढे दुखणीही पुष्कळ काढली. १९७४ च्या प्रारंभी कोणी दोन्ही केंद्रांची तुलना केली असती, तर त्याने तारापूरलाच उजवे ठरविले असते.

भाभा हे पाहावयास राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागून विक्रम साराभाई आणि १९७१ च्या अखेरीस त्यांचेही निधन झाल्यावर होमी सेठना, यांनी हे काम पुढे चालविले.

मैत्रीत अंतर

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुस्फोट केला. त्यातील प्लुटोनियम ‘सायरस’मधून निघालेले होते. हा स्फोट शांततेच्या कामासाठी असल्याचे भारताचे म्हणणे होते. कॅनडाला ते मान्य नव्हते. आपण शांततेसाठी दिलेली वस्तू भलत्या कामी लावली गेली, असे त्या देशाला वाटले. त्याने काही दिवसांतच सहकार्य थांबविले आणि १९७६ मध्ये ते कायमचे संपविले. या प्रसंगाकडे पाहताना दोन्ही बाजूंचे म्हणणे नोंदवावे, असे आम्हांस वाटते. करारातील शब्दांचा अर्थ भारताने आपल्या बाजूने लावला, हे खरे. अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी स्वतःची शस्त्रे जपून इतरांना मात्र बंधने घालावयाची, या विषम व्यवस्थेला भारताचा विरोध तत्त्वाचा होता, हेही तितकेच खरे.

तारापूरवरचे संकट जरा उशिरा आले. अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय निगराणीखाली नाहीत, त्याला इंधन द्यावयाचे नाही, असे त्यात ठरले. भारताचे म्हणणे असे, की १९६३ चा करार आधीचा आहे आणि मागाहून केलेल्या कायद्याने तो बदलत नाही. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी इंधनाचा एक हप्ता पाठविण्याचे ठरविले, तेव्हा तो अडविण्याचा ठराव अमेरिकेच्या सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ४८ अशा अवघ्या दोन मतांनी हुकला. मुंबई-गुजरातचे दिवे चालू राहावेत की नाही याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये दोन मतांवर झाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. अखेर १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि अध्यक्ष रेगन यांच्या भेटीत तोड निघाली आणि अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन देण्याचे ठरले. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली आणि फ्रान्सचा पुरवठाही थांबला. पुढे १९९५ मध्ये चीनकडून व २००१ मध्ये रशियाकडून इंधन आले. मधल्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियम व युरेनियम यांचे मिश्र इंधन तयार करून त्याचे काही संच तारापुरात वापरून पाहिले. केंद्र बंद पडले नाही, याचे श्रेय तेथील कर्मचाऱ्यांना आणि इंधन घडविणाऱ्या हैदराबादच्या कारखान्याला आहे. पण दर काही वर्षांनी नव्या दाराशी जावे लागले, ही वस्तुस्थिती उरतेच.

रावतभाट्याला घाव लगेच आणि खोल बसला. दुसऱ्या संचाचे काम अर्ध्यावर होते. कॅनडाचे तंत्रज्ञ, सुटे भाग आणि सल्ला एकाच वेळी बंद झाला. जड पाण्याचे देशी कारखाने अद्याप पुरेसे उत्पादन देत नव्हते. १९७७ मध्ये बडोद्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि अडचण वाढली. अखेर सोव्हिएत संघाकडून जड पाणी घ्यावे लागले, तेही निगराणीच्या अटीसह. हा संच १ एप्रिल १९८१ रोजी रीतसर वीज देऊ लागला, तेव्हा त्याच्या बांधकामाला तेरा वर्षे होऊन गेली होती.

तथापि या तेरा वर्षांत जे घडले, त्याची किंमत त्या एका संचाच्या विजेने मोजता येणार नाही. आराखडे हातात होते, ते वाचणारी माणसे होती आणि चुकत-माकत यंत्रे घडविणारे कारखाने तयार होत होते. मुंबईतील पवईच्या लार्सन अँड टुब्रोने आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने अणुभट्टीची अवजड यंत्रे करण्याचे कसब कमावले, त्यात मराठी कारागिरांचे हात मोठ्या संख्येने होते. मद्रासजवळ कल्पाक्कम येथे एम. आर. श्रीनिवासन यांच्यासारख्या अभियंत्यांच्या नेतृत्वाखाली परकी मदतीवाचून दोन संच उभे राहिले आणि ते १९८४ व १९८६ मध्ये वीज देऊ लागले. त्याच कल्पाक्कमला फ्रान्सच्या मदतीने लहान द्रुतप्रजनक अणुभट्टी व्हावयाची होती. १९७४ नंतर फ्रान्सने ठरलेले समृद्ध इंधन दिले नाही. आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम व युरेनियम यांच्या कार्बाइडचे इंधन तयार केले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये ती अणुभट्टी सुरू केली. पुढे नरोरा, काक्रापार, कैगा अशी केंद्रे झाली. तारापूर येथेच २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटचे दोन संच आले आणि काक्रापारला २०२३ व २०२४ मध्ये ७०० मेगावॅटचे. या सर्वांची वंशावळ रावतभाट्याच्या पहिल्या संचाशी जाऊन भिडते. तारापूरच्या मूळ दोन संचांना मात्र देशात वंशज झाला नाही.

एकांतवासाची किंमत

स्वावलंबनाचे गोडवे गाताना त्याची किंमत झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भाभांच्या काळी शतकाअखेरीसाठी जे आकडे योजले होते, त्यांच्या जवळपासही देश पोहोचला नाही. २०२५ मध्येही एकूण अणुवीज क्षमता सुमारे ८,८०० मेगावॅट होती आणि देशाच्या विजेत तिचा वाटा शेकडा तीनच्या आसपास होता. २००७-०८ च्या सुमारास देशी युरेनियम अपुरे पडल्याने केंद्रे जवळजवळ निम्म्या क्षमतेवर चालवावी लागली. ३१ मार्च १९९३ रोजी नरोरा येथे टर्बाइनचे पाते तुटून भीषण आग लागली, विजेच्या तारा जळाल्या आणि केंद्र काही तास अंधारात गेले. कर्मचाऱ्यांनी धुरात शिरून, आग विझविण्याच्या पंपांचे पाणी बाष्पजनकांत सोडून अणुभट्टी थंड ठेवली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. परंतु तसल्या पात्यांविषयीच्या सूचना आधीच मिळाल्या असता ही वेळ आली, हेही विसरता कामा नये. उलट बाजूस, रावतभाट्याच्या दुसऱ्या संचाच्या सर्व शीतक-नलिका १९९४ ते १९९८ या काळात आपल्याच माणसांनी बदलल्या आणि २०१८ मध्ये कैगाच्या पहिल्या संचाने सलग ९६२ दिवस चालून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. शिकण्याची फी जबर होती. विद्या मात्र पदरात पडली.

पुन्हा दारे उघडली

या पदरात पडलेल्या विद्येचा उपयोग पुढे वाटाघाटींत झाला. १८ जुलै २००५ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि अध्यक्ष बुश यांनी संयुक्त निवेदन काढले. भारताने आपली नागरी केंद्रे वेगळी काढून निगराणीखाली आणावयाची आणि जगाने त्यांच्यासाठी इंधन व तंत्रज्ञान खुले करावयाचे, असा त्याचा आशय होता. त्या वेळी अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. मध्य प्रदेशातील बडवानी येथे त्यांचा जन्म झाला आणि शालेय शिक्षणही त्याच निमाड भागात, बडवानी व खरगोण येथे झाले. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांना हे आवर्जून सांगावेसे वाटते. द्रुतप्रजनक अणुभट्ट्यांचा कार्यक्रम निगराणीबाहेरच राहिला पाहिजे, हा आग्रह त्यांनी उघडपणे धरला आणि तो मान्य झाला. तेव्हाच्या २२ संचांपैकी १४ निगराणीखाली देण्याचे ठरले. ६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार राष्ट्रांच्या गटाने भारताला सवलत दिली आणि १० ऑक्टोबर रोजी करारावर सह्या झाल्या. १९६३ चा करार आणि हा करार यांत मोठा फरक होता. या वेळी भारत स्वतःची चूल असलेल्या घरातून बोलत होता. काय द्यावयाचे नाही, हे त्याला ठाऊक होते.

त्यानंतर फ्रान्स, रशिया, कझाकस्तान येथून युरेनियम येऊ लागले. कॅनडानेही २०१० मध्ये नवा करार केला आणि २०१५ मध्ये पाच वर्षांच्या युरेनियम पुरवठ्याचा करार झाला. एकेचाळीस वर्षांपूर्वी तुटलेला धागा असा पुन्हा जोडला गेला.

रशियाचा धागा त्याहून जुना. तमिळनाडूतील कुडनकुलमचा करार १९८८ मध्ये राजीव गांधी व गोर्बाचेव्ह यांच्यात झाला होता. सोव्हिएत संघ लयाला गेला, १९९८ मध्ये करार नव्याने करावा लागला आणि १,००० मेगावॅटचे पहिले दोन संच २०१४ अखेर व २०१७ मध्ये रीतसर वीज देऊ लागले.

मात्र परराष्ट्रांशी करार होण्याने काम संपत नाही. घरच्या माणसांशीही करार व्हावा लागतो. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली आणि पुनर्वसनाच्या तक्रारी दीर्घकाळ चालल्या. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरसाठी फ्रान्सशी डिसेंबर २०१० मध्ये चौकटीचा करार झाला. तेथे १,६५० मेगावॅटचे सहा संच योजले होते. पुढच्याच मार्चमध्ये जपानात फुकुशिमाची दुर्घटना घडली, एप्रिलमध्ये आंदोलनावर झालेल्या गोळीबारात एका माणसाचा बळी गेला आणि दराचा प्रश्न, दायित्वाचा प्रश्न, मासेमारीचा प्रश्न एकात एक गुंतत गेले. कोकणातल्या मच्छीमाराची शंका आणि दिल्लीतील अर्थतज्ज्ञाची शंका यांना सारखेच उत्तर द्यावे लागते, हा धडा या उद्योगाने अजून पुरता गिरविलेला दिसत नाही.

उपसंहार

बांगलादेशात रूपपूर येथे रशियाच्या तंत्रज्ञानाने अणुवीज केंद्र उभारले जात असता, मार्च २०१८ मध्ये रशिया, बांगलादेश व भारत यांच्यात सहकार्याचा करार झाला. त्यान्वये बांगलादेशच्या तरुण अभियंत्यांना प्रशिक्षण देण्याचे आणि बांधकामात सहभागी होण्याचे काम भारताकडे आले. एके काळी आपले अभियंते कॅनडात ज्या बाकांवर बसले, तसल्याच बाकांवर आता शेजारच्या देशाची मुले आपल्याकडे येऊन बसली.

रावतभाटा, कल्पाक्कम, नरोरा, कैगा, हैदराबाद येथील वसाहतींत देशाच्या सर्व प्रांतांची माणसे एकत्र राहिली आणि त्यांत मराठी कुटुंबेही आली. नोकरीच्या निमित्ताने गाव सोडलेल्या या माणसांनी एकीकडे यंत्रे सांभाळली, दुसरीकडे मुलांना मराठी वाचावयास शिकविले. परक्याकडून आदराने घ्यावे, घेतलेले समजून घ्यावे आणि समजलेले पुढच्याच्या हाती द्यावे, हा व्यवहार त्यांच्या दोन्ही उद्योगांत सारखाच होता. आपल्या मंडळाची पन्नास वर्षेही याहून निराळ्या रीतीने गेली, असे आम्हांस वाटत नाही.